छोट्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचंय? कोकणातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

गाडी निळा धूर सोडायला लागली, दर महिन्याला लिटरभर तेल प्यायला लागली, की गॅरेजच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण एकच सल्ला देतो : कुठलं तरी जुनं इंजिन उचल आणि टाक. सल्ल्यात तथ्य आहे. पंधरा वर्षांच्या गाडीचं इंजिन पुरतं खोलून बोअर मारायचा, पिस्टन-रिंगा घालायच्या, हेड फेस करायचं तर अर्धं काम घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातं आणि यायची तारीख कोणी सांगत नाही. त्यापेक्षा ठोकलेल्या गाडीचं चालू इंजिन स्वस्त पडतं.

पण चेन ब्लॉकला लावून इंजिन वर उचलणं आणि दुसरं खाली सोडणं हे एका दिवसाचं काम आहे. गाडी महिनाभर अंगणात पडून राहते ती त्याआधी न केलेल्या चौकशीमुळे. म्हणून हा लेख पाना हातात घेण्याआधीच्या कामांवर जास्त आहे. उदाहरणं मारुतीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांची घेतली आहेत, कारण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगावी त्याच दिसतात आणि त्यांचेच सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात.

आधी पत्रा, मग इंजिन

देशावरचा माणूस इंजिनापासून सुरुवात करेल. आपल्याकडे ते परवडत नाही. गुहागर, देवगड, मालवण अशा ठिकाणी समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहिलेली गाडी बाहेरून चकचकीत आणि खालून पोकळ असू शकते. अशा गाडीत उत्तम इंजिन बसवलं तरी ते ज्या पत्र्यावर टांगायचं तोच उरलेला नसतो.

छोटी हातोडी आणि पेचकस घेऊन गाडीखाली जा. पुढच्या दोन्ही बाजूंच्या चेसिस पट्ट्या, इंजिनाची माउंटिंग्ज जिथे बोल्ट होतात त्या जागा, बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, बॉनेट उघडल्यावर दिसणारे शॉकअॅब्सॉर्बरचे गोल टोप, आणि मॅट उचलून पायाखालचा फ्लोअर. हातोडीने हलकेच ठोका. धड पत्रा टणटणतो, सडलेला बद्द वाजतो आणि रंगाचे पापुद्रे खाली पडतात. तिथे पेचकस आत गेला तर थांबा. फ्लोअरला पत्रा वेल्ड करून भागतं. माउंटिंगची जागा किंवा शॉकअॅब्सॉर्बरचा टोप गेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे : इंजिनावर पैसे घालू नका, गाडीच बदला. बॅटरीखालची जागा हमखास फसवते, कारण तिथे अॅसिड आणि खारी हवा दोन्ही काम करत असतात आणि वरून रबरी मॅट असते.

याच फेरीत आरसी बाहेर काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ती मुदत सहा महिन्यांवर आली असेल तर पासिंग, हरित कर आणि त्यासाठी करावी लागणारी डागडुजी हे सगळं बजेटात आजच धरा.

७९६ सीसी म्हटलं की सगळं एक नव्हे

नवखा माणूस इथे सर्वांत जास्त फसतो. भंगारवाला सांगतो, "८०० चं इंजिन आहे, अल्टोला बसतं, ओम्नीलाही बसतं." आरसीवर तिन्ही गाड्यांना ७९६ सीसीच लिहिलेलं असतं, त्यामुळे पटतंही.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. मारुती ८०० आणि अल्टोत ते आडवं असतं, ताकद पुढच्या चाकांना. तीन सिलिंडरचा गोळा सारखा दिसला तरी माउंटिंगचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, तेलाची चेंबर, गिअरबॉक्स यांची मांडणी वेगळी. शिवाय साध्या ८०० मध्ये ६ व्हॉल्व्हचं, ३७ बीएचपीचं एफ ८ बी इंजिन आणि ४ गिअर. २००० साली आलेल्या अल्टोत १२ व्हॉल्व्हचं एफ ८ डी आणि ५ गिअर. २०१२ साली आलेल्या अल्टो ८०० मध्येही एफ ८ डीच आहे, पण सुधारलेलं. सेन्सर, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), वायरिंग जुन्या अल्टोसारखं असेल असं धरून चालू नका.

म्हणून इंजिनाच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं वाचायला शिका. ब्लॉकवर कोरलेल्या नंबराच्या आधी इंजिनाचा प्रकार असतो : एफ ८ बी, एफ ८ डी, एफ १० डी, जी १० बी वगैरे. तुमच्या आरसीवरच्या इंजिन नंबरातही तीच अक्षरं सापडतील. ती जुळली पाहिजेत, आणि शक्यतो गाडीचं वर्षही दोन-तीन वर्षांच्या अंतरात असावं. नवख्याने पहिल्या कामात याच्या बाहेर जाऊ नये.

आता मोह. जुन्या अल्टोचं एक मॉडेल कंपनीतूनच १०६१ सीसीच्या एफ १० डी इंजिनाचं आलं होतं, वॅगन आरचं चार सिलिंडरचं तेच इंजिन. त्यामुळे ७९६ च्या अल्टोत ते घालायला लागणारे ब्रॅकेट कंपनीचेच आहेत. झेनवाल्यांना मोह एस्टीमचा : झेनचं ९९३ सीसीचं जी १० बी आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं जी १३ बी एकाच कुळातली, आणि हलक्या झेनला एस्टीमच्या १६ व्हॉल्व्ह इंजिनाचे ८५ बीएचपी मिळाले की आंबोली घाटात काय मजा येईल, हे सांगायला कोणी लागत नाही. यांत्रिकदृष्ट्या हे होतं, लोकांनी केलंही आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मात्र करू नका, आणि त्याचं कारण ब्रेक, रेडिएटर, क्लच यांच्याही आधी कागद हे आहे.

कागद

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ जे तपशील दिले आणि जे आरसीवर नोंदले गेले त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ७९६ च्या जागी १०६१ किंवा ९९३ च्या जागी १२९८ हा नेमका तसा बदल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यातलं कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं : परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड भरून सुटता येईल असं वाटत असेल तर विम्याचा विचार करा. कशेडीत अपघात झाला आणि सर्व्हेअरला बॉनेटखाली पॉलिसीतल्या नंबराचं इंजिन दिसलं नाही, तर पुढची भांडणं तुमची.

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच सीसीचं आणि त्याच इंधनाचं इंजिन ही वेगळी गोष्ट. तिथे फक्त इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसीवर नोंदवून घ्यायचा असतो. बदल केल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. तरी माझा आग्रह असा की आधी आरटीओत जाऊन या. रायगडवाल्यांना पेण किंवा पनवेल, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस. कुठले कागद लागतील ते खिडकीवरून लिहून घ्या आणि मगच इंजिनाचा विसार द्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी.

इंजिन कुठून आलं याचा माग हा या सगळ्याचा कणा. बिल नाही, नुसता नंबर कोरलेला गोळा आहे, असं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलिस विकणाऱ्याकडे नंतर जातात, तुमच्याकडे आधी येतात. बिलावर पूर्ण इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नोंदणी क्रमांक आणि चेसिस नंबर, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत हवी. त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद मिळाला तर फारच उत्तम. कायमची निकामी झालेली गाडी आरटीओला कळवून आरसी रद्द करून घेणं हे तिच्या मालकाचं कर्तव्यच आहे. माझ्या मते नवख्याने सुटं इंजिन न घेता पूर्ण डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन काढायचं ती गाडीच, घ्यावी : कागदांचा संच एकच राहतो, आणि ब्रॅकेट, पाइप, क्लिपा, स्क्रू असं हजार ठिकाणी शोधावं लागणारं सामान तिच्यातच सापडतं.

विमा कंपनीला नवा इंजिन नंबर कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. हे एका अर्जाचं काम आहे आणि बहुतेक जण तेच विसरतात.

डोनर गाडी कशी बघायची

चांगली डोनर कोणती? जी मागून किंवा बाजूने ठोकली गेली आणि तोपर्यंत रोज चालत होती ती. पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर फुटून इंजिन तापलेलं असू शकतं, शिवाय टायमिंग बेल्टच्या बाजूला मार लागलेला असतो. पडून राहिलेली गाडी त्याहून वाईट. "इंजिन एक नंबर आसा, बॅटरी तेवढी उतरली आसा," असं ऐकलं की तुमची चार्ज केलेली बॅटरी गाडीतून काढून लावा. चालू करून न दाखवलेल्या इंजिनाची किंमत भंगाराच्या वजनाने करायची.

आणि सर्वांत वाईट म्हणजे पुराची गाडी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, सावित्रीचं महाडात, तेव्हा दारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या, आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे त्यांत भर पडतेच. विकणारा सांगणार नाही, गाडी सांगते. सीटबेल्ट मुळापर्यंत पूर्ण ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ आहे का बघा. तो भाग सहसा कोणी धूत नाही. एअर फिल्टरचा डबा उघडा, त्याच्या तळाशी वाळलेला गाळ. फ्यूज बॉक्सच्या पायांवर हिरवट बुरशी. सीटच्या रुळांवर गंज. अल्टरनेटरच्या जाळीत आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या फटीत लाल माती.

उभ्या गाडीत पाणी शिरलं तर एक वेळ इंजिन वाचतं. चालत्या गाडीत शिरलं, किंवा बंद पडल्यावर मालकाने परत परत चावी मारली, तर वाचत नाही. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन नंतर सुकवून चालूही होतं, थोडं थरथरतं, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्लॉकला भोक पाडून रॉड बाहेर येतो. हे पकडायची एक साधी चाचणी आहे. सगळे प्लग काढा. स्पार्क प्लगच्या भोकातून बोथट टोकाची छत्रीची काडी पिस्टनच्या डोक्यावर टेकवा, बोटांत सैल धरा, आणि दुसऱ्याला क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवायला सांगा. काडी जास्तीत जास्त वर येईल तिथे तिच्यावर खूण करा. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर १२० अंशांनी पुढचा पिस्टन वर येतो. तिन्हींच्या खुणा घ्या. खुणा एका रेषेत आल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटरने जरी खाली असली, तर त्या सिलिंडरचा रॉड वाकलेला आहे. गाडी तिथेच सोडून घरी या.

बाकीची तपासणी नेहमीची. तेलाची काडी काढा : तेल काळं असलं तर हरकत नाही, दुधी असलं तर पाणी मिसळलंय. तेल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय बघा, पण पावसाळ्यात फक्त गावात फिरणाऱ्या गाडीत थोडी साय वाफेमुळेही जमते, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. रेडिएटरमध्ये कूलंट आहे की विहिरीचं पाणी, तेही बघा. वर्षानुवर्षं पाणीच घातलं असेल तर आतून गंज धरलेला असतो आणि तुमचा रेडिएटर त्या गाळाने चोंदतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंधन आणि स्पार्क दोन्ही बंद ठेवा, एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचं गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी मारा. या इंजिनांत दर सिलिंडरला साधारण १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर यायला हवेत आणि कुठल्याही दोन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. सगळे ११ असलेलं इंजिन म्हातारं आहे. दोन १३ आणि एक ८ असेल तर ते आजारी आहे. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा : आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. गेज परवडत नसेल तर गॅरेजवाल्याला गेजसकट बरोबर न्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या. या कामातला सर्वांत चांगला खर्च तो.

काय घ्यायचं, काय आपलं ठेवायचं

माझा नियम : डोनरकडून फक्त ब्लॉक आणि हेड घ्या, अंगावरचे दागिने आपलेच घाला. म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सेन्सर, अल्टरनेटर, स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं तुमच्या जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवायचं. त्यामुळे तुमची वायरिंग, तुमचा ईसीएम आणि तुमची चावी यांना काही बदलल्याचं कळतही नाही. डोनरचे भाग सुटे म्हणून कपाटात ठेवा. खाऱ्या हवेत अल्टरनेटर कधी जाईल सांगता येत नाही.

हे नाही केलं तर काय होतं ते सांगतो. एका वर्षाच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर, दुसऱ्या वर्षाच्या गाडीत थेट कॉइल. एकीत सेन्सरचा प्लग तीन पिनांचा, दुसरीत दोन. मग गॅरेजमध्ये वायरी कापून जोडायला सुरुवात होते, आणि इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळलेला प्रत्येक जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो. कापलेली वायरिंग हा कोकणातल्या गाडीला लागणारा कायमचा आजार आहे. अगदीच डोनरची वायरिंग घ्यायची वेळ आली तर तिचा ईसीएम, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि चावी असा पूर्ण संच एकत्र घ्या. इमोबिलायझर असलेल्या गाडीत ईसीएम आणि चावीची ओळख बांधलेली असते. एकच बदललं तर स्टार्टर फिरतो, गाडी चालू होत नाही, आणि माणूस गाडीतला पेट्रोल पंप बदलत बसतो.

गिअरबॉक्स तुमचा धड असेल तर तोच ठेवा. फक्त फ्लायव्हील आणि क्लच प्लेट एकाच गाडीची जोडी असू द्या. इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन्ही गाड्यांत टेपने मोजायच्या गोष्टी थोड्या आहेत पण मोजा : माउंटिंगच्या बोल्टांमधली अंतरं, पुलीपासून बाजूच्या पत्र्यापर्यंतची जागा, सायलेन्सरच्या पाइपच्या फ्लँजवरची भोकं. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी धरा.

महिना आणि जागा

जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर होत नाही. इंजिनाची तोंडं उघडी आणि वर ताडपत्री गळतेय, अशा स्थितीत एका रात्रीत सिलिंडरच्या भिंतींवर लाली चढते. गणपतीच्या आधी कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे तुमच्यासाठी वेळ नसतो, चाकरमान्यांच्या गाड्या रांगेत असतात. शिमग्याच्या आधीही तेच. मार्चनंतर आंब्याच्या पिकअप गाड्या अडून राहतात. म्हणजे दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपला. त्यातही मेकॅनिकशी तारीख ठरवताना सामान आधी आणि गाडी नंतर, असं ठरवा. गाडी उघडून ठेवून गॅस्केटची वाट बघणं म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यात आणखी एक भंगार वाढवणं.

जागा कोब्याची आणि सपाट हवी, कारण जांभ्याच्या ओबडधोबड खळ्यात जॅक तिरका होतो. इंजिन उचलायला एक टनाचा चेन ब्लॉक आणि लोखंडी पाइपांची तीन पायांची घोडी भाड्याने मिळते. आंब्याच्या फांदीला चेन बांधून इंजिन उचलणारे लोक आहेत. फांदी टिकते हो. पण इंजिन वर लोंबकळत असताना गाडी ढकलून बाहेर काढायची असते आणि झाड कुठल्या बाजूला सरकवणार?

उतरवताना

आदल्या दिवशी सगळ्या गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, विशेषतः सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे आणि माउंटिंगचे. जोर करून तोडलेल्या स्टडमागे ड्रिल, टॅप आणि अर्धा दिवस जातो. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह आधी.

वायरिंगचा प्रत्येक प्लग काढताना दोन्ही तोंडांना मास्किंग टेप लावून एकच नंबर लिहा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. एसीचे पाइप सोडू नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडून पाइपांसकट बाजूला बांधून ठेवा, गॅस वाचतो. गिअर ऑइल काढल्याशिवाय ड्राइव्ह शाफ्ट ओढला तर ते अंगावर येतं. जुनं तेल आणि कूलंट डब्यात भरून गॅरेजला द्या, पऱ्ह्यात ओतू नका. कूलंट गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही नाही. जॅकवरच्या गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय शिरायचं नाही. मदतनीस कितीही घाई करो.

बाहेर आहे तोवर

इंजिन गाडीबाहेर असताना दहा मिनिटांत होणारं काम आत बसल्यावर दिवसाचं होतं. एफ आणि जी मालिकेच्या या इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, चेन नव्हे. डोनरवाल्याने "नवीनच टाकलाय" सांगितलं तरी बेल्ट आणि टेन्शनर बदला, त्याबरोबर वॉटर पंप. क्रँकचे पुढचे आणि मागचे ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टचे सील, रिलीज बेअरिंग, थर्मोस्टॅट आणि सगळे होज पाइप नवे. क्लच प्लेट बघून ठरवा. माउंटिंगची रबरं दाबून बघा, भेगा पडल्या असतील तर नवी. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट तर न विचारता.

या सामानाची यादी करून दुकानदाराकडून भाव घ्या आणि बेरीज इंजिनाच्या किमतीशेजारी लिहा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर घाबरू नका, ते तसेच येतात. त्यावर मजुरी, डोनरचं टोचन, आरटीओचा खर्च, आणि हाताशी थोडी शिल्लक. फक्त इंजिनाच्या किमतीपुरते पैसे असतील तर काम पुढच्या हंगामावर ढकला.

इंजिन उघडं दिसतंय तेव्हाच बॉनेटखालच्या पत्र्याची गंज घासून प्रायमर आणि रंग मारून घ्या. अशी संधी परत येत नाही.

बसवणं आणि पहिली चावी

गिअरबॉक्स जोडताना क्लच प्लेट मध्यभागी आणण्याचं हत्यार वापरा आणि दोन्ही डॉवेल पिन (इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना बघा. शेवटचं बोटभर अंतर उरलं म्हणून बोल्ट आवळून ओढायचं नाही, क्लच प्लेट तुटते. अंतर राहतंय म्हणजे काहीतरी तिरकं आहे.

इंजिनाची अर्थिंग पट्टी दोन्ही टोकांना घासून चकचकीत करून लावा. हा क्षुल्लक वाटणारा तुकडा विसरला तर स्टार्टरचा करंट परतीची वाट क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो आणि केबल तापून जळते. मेकॅनिक नवी केबल टाकतो, तीही जळते.

तेल भरा, गिअर ऑइल भरा, कूलंट भरा. प्लग न लावता आणि इंधन बंद ठेवून थोडा थोडा वेळ चावी मारा, डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून खरी सुरुवात. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरची टोपी उघडी, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा, मग टोपी बंद. रेडिएटरचा पंखा आपोआप लागून परत बंद होताना पाहिल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर नेऊ नका. पंखा लागला नाही आणि काटा वर चालला तर इंजिन बंद. टोपी मात्र गार होईपर्यंत उघडायची नाही.

पहिले शंभरेक किलोमीटर गावाच्या आसपास, टोचनची गाडी येऊ शकेल अशा अंतरात. दररोज सकाळी खाली पुठ्ठा टाकून थेंब बघा, तेल आणि कूलंटची पातळी बघा. मग एक घाट : जवळचा कुठलाही, कुंभार्ली, आंबा, फोंडा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा आणि उतारावर मागचा आरसा बघा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून मग दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. ते नंतर केलं तरी चालतं, इंजिन उतरवावं लागत नाही. घाटातून आल्यावर माउंटिंगचे बोल्ट परत आवळा. हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला, आतला जुना गाळ त्याबरोबर निघून जातो. पीयूसी नवी काढा.

आरटीओत तपासणीला जाताना ब्लॉकवरचा नंबर ब्रशने साफ करून, पेन्सिलने त्याची प्रिंट घेऊन जा. काळवंडलेला नंबर वाचता आला नाही म्हणून परत पाठवतात आणि दिवस फुकट जातो. तुमचं जुनं इंजिन लगेच भंगारात घालू नका. नव्या नंबराची आरसी हातात येईपर्यंत ते प्लास्टिकमध्ये बांधून पडवीत ठेवा, आणि विकाल तेव्हा तुम्हीही बिल द्या, नंबर लिहून.